समिती घरी येण्याआधी

जकार्ता
रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय बहारदादा,

सलाम. तू, वहिनी आणि मुलं खुशाल असाल. आईचे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेलं तेल ती लावते की तसंच कपाटात ठेवलंय? इथं मी बरी आहे.

आधी एक दुरुस्ती, मग बाकीचं. बाबांना चौकीत नेलं त्या दिवशी बापाक, तेव्हाचे आपल्याकडचे पोलीस अधिकारी, जिल्ह्यात नव्हते, बैठकीसाठी प्रांताच्या राजधानीत गेले होते, असं मी गेल्या पत्रात लिहिलं होतं. ‘खात्रीने सांगते’ असेही शब्द होते. ते चुकलं. त्या दिवशी ते आपल्याकडेच, मुआरा तेबानमध्ये होते. तेवढं वाक्य खोडून टाक. मला हे कसं कळलं ते आज लिहीत नाही. आधी एक गोष्ट पडताळून बघायची आहे, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला विचारता येत नाही. ती शेवटी विचारते.

तू फोनवर ‘हं’ याच्यापुढे काही बोलत नाहीस, म्हणून पत्र. शिवाय या घरात सध्या फोनवर बोलायला शांत कोपरा उरलेला नाही.

बातमी तुमच्यापर्यंत पोचली असेलच. राष्ट्राध्यक्षांनी देशाच्या पोलीस प्रमुखपदासाठी बापाकचं नाव संसदेकडे पाठवलं आहे. अठरा तारखेला, मंगळवारी, सकाळी समिती त्यांना संसदेत प्रश्न विचारणार आणि दुपारी रिवाजाप्रमाणे घरी येणार. माणूस कागदावर एक आणि घरात दुसरा असू शकतो, म्हणून खासदार घर बघतात, बायकोला, मुलांना, शेजाऱ्यांना विचारतात, चहा पितात आणि जातात. प्रत्येक वेळी असंच होतं. मागच्या प्रमुखांच्या घरी म्हणे त्यांच्या सासूबाईंनी खासदारांना जावयाच्या घोरण्याची नक्कल करून दाखवली होती, आणि ते एकमताने निवडून आले.

त्यामुळे सगळ्या गल्लीची तालीम चालली आहे. आमच्या गल्लीचे प्रमुख पाक वार्नो रोज सकाळी येऊन दारात उभे राहतात. काल बापाकच्या बायकोला म्हणाले, “इबू, मी सांगणार की या घरातून भांडणाचा आवाज कधीच आला नाही. पण तुमच्या गाण्याच्या मशीनचा येतो. तो सांगू का?”

इबू म्हणाल्या, “सांगा की. पण सुरात असतो असं सांगा.”

“शपथेवर विचारलं तर?”

“शेजाऱ्यांना शपथ नसते, पाक वार्नो. म्हणून तर तुम्हाला विचारतात.”

ज्यांच्या घरी वाढले त्या दोघांना ‘बापाक’ आणि ‘इबू’, म्हणजे बाप आणि आई, म्हणते म्हणून तू मला मागे टोमणा मारला होतास, की दुसऱ्याच्या बापाला बाप म्हणायला किती दिवसांत शिकलीस. तेव्हा मी उत्तर दिलं नव्हतं. खरं उत्तर असं की लवकर शिकले. मी नऊ वर्षांची होते आणि इबू मला रोज वेणी घालायच्या.

गालीह नावाचा एक अधिकारी सगळ्यांची उत्तरं लिहून देतो. तिशीतला, व्यवस्थित, कधी आवाज न चढवणारा. मलाही चार वाक्यं मिळाली आहेत. समितीत आपल्या प्रांतातल्या एक खासदार आहेत, यूस्निआर नावाच्या. त्या घरी येणार, म्हणून त्यांच्या समोरच्या खुर्चीवर मी बसायचं. वाक्यं अशी: ‘मी नदीकाठच्या गावातली, मच्छीमाराची मुलगी. माझे वडील नदीत बुडाले. बापाकनी मला घरी आणलं आणि शिकवलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली.’

मी म्हटलं, “माझे वडील मच्छीमार नव्हते. ते रबराच्या झाडांचा चीक काढायचे.”

गालीह म्हणाला, “नदी आणि मच्छीमार एकत्र बरं वाटतं.”

“पण ते नव्हते.”

“बरं, रबर लिहितो. तुम्ही पाठ्यपुस्तकं तपासता ना? सवयच लागली असणार.” त्याने लगेच दुरुस्त केलं. चांगला माणूस आहे, असं मला अजूनही वाटतं.

जेवणाचंही ठरतंय. यूस्निआरबाईंसाठी आपल्याकडचा नदीचा मासा करावा, तिखट-हळद लावून तळलेला, असं इबूंच्या मनात आलं. स्वयंपाकाच्या बी मुनने हात पुसत सांगितलं, “मी करीन, पण साहेब शिवायचे नाहीत. समुद्राचा मासा चालतो त्यांना. नदीचा नाही. मी या घरात आल्यापासून पातेल्यात नदीचा मासा पडलेला नाही.”

इबू म्हणाल्या, “काटे असतात म्हणून.”

बी मुन म्हणाली, “समुद्राच्याला काय हाडं नसतात?” आणि आत गेली.

आता माझा प्रश्न. विचार करून उत्तर दे, लगेच नको. बाबांना नेल्यावर आईने माझ्याजवळ त्यांच्यासाठी भाताचा डबा दिला होता. मला तो एकदाच नेल्याचं आठवतं. पण मी लहान होते, आणि लहानपणच्या दोन गोष्टींची एक होते किंवा एकीच्या दोन होतात. मी डबा एकदा नेला की दोनदा? आईला विचारू नकोस. तुला स्वतःला काय आठवतं तेवढंच सांग.

अंगणातल्या झाडाला आंबे लागलेत. मुलांना चार पाठवते आहे, बसच्या ड्रायव्हरकडून घे.

तुझी धाकटी बहीण,
हामा


जकार्ता
गुरुवार, १३ नोव्हेंबर

प्रिय बहारदादा,

सलाम. तू काल स्वतःहून फोन केलास. असं पहिल्यांदाच झालं. तू बोलत असताना मी छापखान्याच्या जिन्यात उभी होते आणि खालून यंत्राचा आवाज येत होता, त्यामुळे माझी उत्तरं तुटक आली. राग नव्हता.

तू म्हणालास, “एकदाच. दुसऱ्यांदा नेणार कुणासाठी?” मग म्हणालास, “का विचारतेस?” आणि मी म्हटलं, पत्रात लिहिते. ते आता लिहिते.

पण आधी मला जे माहीत आहे ते क्रमाने मांडते. काही चुकत असेल तर दुरुस्त कर. कंपनीने आपल्या रबराच्या बागेला कुंपण घातलं. गावातल्या माणसांनी ते उपटलं. सकाळी पोलीस आले आणि बाबांसह सात जणांना चौकीत घेऊन गेले. दुपारी मी डबा घेऊन गेले. फाटकाशी एक अधिकारी आला, डबा आत घेऊन गेला, बऱ्याच वेळाने रिकामा डबा आणून दिला आणि म्हणाला, तुझे बाबा जेवले, जा घरी. त्याचा चेहरा मला आठवत नाही. हात आठवतो, कारण त्याने डब्याची कडी नीट बसवून दिली होती. संध्याकाळी सहा जणांना सोडलं. बाबा मागच्या दाराने पळाले आणि त्यांनी नदीत उडी मारली, असं आपल्याला सांगितलं. दोन दिवसांनी ते खालच्या वळणावर सापडले. बरोबर?

तू पहिल्यापासून म्हणत आलास की बाबा पळणाऱ्यातले नव्हते. आणि आई दर ईदला, पहिला घास घेण्याआधी, म्हणते, “निदान पोट भरून गेला.”

गेल्या शुक्रवारी आम्ही पाहुण्यांसाठीच्या रुमालांच्या घड्या घालत बसलो होतो, इबू आणि मी. गालीह समोर होता. तो म्हणाला, “इबू, वर्तमानपत्रात न आलेलं काहीतरी हवं. माणसाच्या मनाचं. खासदारांना डोळे पुसायला आवडतात.”

इबूंनी जरा विचार केला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हामा, तुला हे मी कधी सांगितलं नाही. यांनी मला गप्प बसायला लावलं होतं. पण आता तू मोठी झालीस, आणि यांचं मन कसं आहे ते लोकांना कळायला हवं.” मग गालीहला सांगू लागल्या, “हे तेव्हा चौकीत होते. फाटकाशी एवढीशी मुलगी, फ्रॉक मागून उसवलेला, हातात डबा. म्हणते, बाबांना भात आणलाय. आणि बाबा तर तोवर नव्हतेच. यांना काय करावं सुचेना. भरलेला डबा परत दिला तर पोरीला कळणार. म्हणून डबा घेतला, आत गेले, आणि स्वतः बसून सगळा संपवला. सगळा. तिच्या हातात रिकामा डबा दिला आणि सांगितलं, बाबा जेवले. घरी आले आणि उलटी झाली यांना. त्यानंतर महिनाभर एकच, त्या मुलीला आपण आणू या, त्या मुलीला आपण आणू या. असे आहेत हे.”

मी हातातला रुमाल उलगडून त्याची पुन्हा घडी घातली.

गालीहने पेनाचं टोपण लावलं. “इबू, हे नको.”

“का? किती सुंदर आहे.”

“लांब आहे.”

“मी थोडक्यात सांगीन.”

“नको, इबू. कुणालाही नको. गल्लीतही नको.” मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, “हामा, तुमची चार वाक्यं आहेत तीच छान आहेत.”

इबूंना अजून कळलेलं नाही, दादा. त्यांना ती गोष्ट खरंच मायेची वाटते. आणि तशी ती आहेही. मी बराच वेळ त्यातलं वेगळं काही शोधत होते, पण दोन्ही एकाच वेळी खरं आहे. त्यांना माझी दया आली, आणि दया आली कारण बाबा त्यांच्यासमोर, बहुतेक शेजारच्याच खोलीत, मरून पडले होते. दुपारी. संध्याकाळी कोणीही पळालं नाही.

मला एकच शंका होती. मी डबा आणखी एकदा, बाबा सापडल्यावर कधी, न समजून नेला असेन, आणि इबू त्या दिवसाबद्दल बोलत असतील. म्हणून तुला विचारलं.

आता मंगळवारी मला ती चार वाक्यं विचारणार. मी जे बोलेन ते टीव्हीवर दिसेल. गप्प राहून तीच वाक्यं म्हटली तर बापाक पोलीस प्रमुख होतील, आणि ‘माझे वडील नदीत बुडाले’ हे वाक्य संसदेच्या नोंदीत माझ्या तोंडचं म्हणून कायम राहील. बोलले तर माझं इथलं घर जाईल. त्याचं मी बघून घेईन. पण आईचं काय? बाबांना नेलं तेव्हापासून तिच्याजवळ तेवढी एकच गोष्ट आहे, की तिच्या हातचं जेवून ते गेले. ती मी तिच्याकडून काढून घ्यायची का? तू तिच्याजवळ राहतोस. तू सांग.

हे पत्र पहाटेच्या बसने देते आहे, उद्या संध्याकाळी मिळेल; आईला वाचून दाखवू नकोस.

हामा


जकार्ता
रविवार, १६ नोव्हेंबर

प्रिय बहारदादा,

सलाम. हे पत्र संध्याकाळच्या बसने पाठवते आहे. ते तुला मंगळवारी सकाळी मिळेल. मुद्दामच. तू फोन करून मला अडवावंस इतका वेळ मधे राहू नये.

शुक्रवारी तू जे बोललास ते मी तसंच लिहिते, कारण मला ते पुन्हा वाचायला लागतं. तू म्हणालास, “बोलू नकोस.”

मी म्हटलं, “तू? तूच तर मला पोलीस जनरलचा पोपट म्हणायचास.”

“म्हणायचो. पोपट जिवंत तरी असतो.” मग म्हणालास, “मी इतकी वर्षं ओरडलो, काय झालं? होडीचा परवाना दोनदा अडवला, एवढंच. तू बोललीस तर तो प्रमुख होणार नाही. दुसरा होईल. आणि आई भात खायची बंद होईल. ठेव ना तिला तेवढं.”

मला तुझा राग आला नाही. तू इतका थकला आहेस हे मला माहीत नव्हतं, एवढंच वाटलं. आणि मी मनात ठरवलंही होतं की गप्प राहायचं. शुक्रवारची रात्र मी छान झोपले, हे कबूल करायला हवं.

आता जे झालं ते तुला माहीत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. काल सकाळी तू होडी घेऊन गेल्यावर वहिनीच्या नंबरवरून फोन आला. आई होती. तू माझं पत्र तांदळाच्या पिंपामागे ठेवलं होतंस. वहिनीवर रागावू नकोस. आईनेच ते शोधून तिला वाचायला लावलं. आई म्हणाली, “हा काल रात्री माझ्याकडे बघून जेवला नाही. मला काय कळत नाही?”

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, “हामा, डोकं होतं डब्यात.”

मी म्हटलं, “कसलं डोकं?”

“माशाचं. अख्खं. तुझा बाप आधी डोकं खायचा. चोखून, कुरकुर चावून, मग बाकीचा मासा. लग्नाच्या दिवशी माझ्या वडिलांच्या ताटातलं डोकं मागून घेतलं होतं त्याने, गाव हसलं होतं. तू डबा आणलास, मी धुवायला घेतला, तर भात संपलेला, मासा संपलेला आणि डोकं तसंच बाजूला ठेवलेलं, नीट. मला तेव्हाच कळलं.”

“मग तू दर ईदला…”

“तुमच्यासाठी म्हणायचे. तू नऊ वर्षांची, तो सोळाचा. काय सांगायचं होतं तुम्हाला?”

मी विचारलं, तिने मला या घरात का येऊ दिलं. ती म्हणाली, “दुसऱ्या कुणीतरी खाल्लं हे माहीत होतं. कुणी ते माहीत नव्हतं. असतं तर तुला दाराबाहेर जाऊ दिलं नसतं.” मग म्हणाली, “आणि तू शिकलीही नसतीस. तेही आहेच.”

फोन ठेवताना तिने सांगितलं, “त्या दिवशी मीठ दोनदा पडलं होतं. मी घातलं होतं, आणि तुझ्या वहिनीसारखीच एक आगाऊ पोर होती शेजारची, तिनेही घातलं. त्या माणसाला विचार, मासा कसा होता. तो खरं सांगतो का बघ.” मागून वहिनीचा आवाज आला, “माझ्यासारखी म्हणजे?” आणि फोन कट झाला.

आज सकाळी विचारलं.

पहाटेच्या नमाजानंतर बापाक अंगणात बसतात. या दिवसांत स्वतः आंबा कापतात, पहिला माझ्यासाठी. हे ते दरवर्षी करतात. आज ताटली घेऊन बसले होते. साध्या लुंगीत ते कोणत्याही गावातल्या शाळामास्तरासारखे दिसतात.

मी म्हटलं, “बापाक, तो मासा खारट होता का?”

कुठला मासा, असं त्यांनी विचारलं नाही. सुरी आंब्यात अर्ध्यावर थांबली. म्हणाले, “फार. नंतर पाणीच पीत होतो.”

तेच पुढे बोलले. “मी चौकीत पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. ज्यांनी केलं ती वीस-बावीस वर्षांची पोरं होती. भिंतीला टेकून रडत होती. मी त्यांचा विचार केला.”

“आणि नदी?”

“ते मी ठरवलं.”

“बाबांना तिथं कुणी नेलं?”

“मी सांगितलं, त्यांनी नेलं.” त्यांनी आंब्याची फोड ताटलीत ठेवली. “तुला एकदा सांगणार होतो. दरवर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी.”

पाक वार्नो फाटकातून डोकावले, “साहेब, कुंड्यांना रंग लाल द्यायचा की पांढरा?” बापाक त्यांना म्हणाले, “तुम्हाला आवडेल तो द्या,” आणि ते खूश होऊन गेले.

मग बापाकनी विचारलं, “मंगळवारी तू काय सांगणार आहेस?”

मी म्हटलं, “चार वाक्यं दिली आहेत.”

“तू पाठ केलेलं म्हणणारी नाहीस. मला ठाऊक आहे.” मग म्हणाले, “काय ठरवशील ते मला आधी सांगू नकोस. गालीहलाही नको. तो थांबवील.” आणि उठताना म्हणाले, “मी हे काम चांगलं करीन, हामा. ज्यांची नावं चर्चेत होती त्या बाकीच्या दोघांपेक्षा चांगलं. त्या चौकीत जे झालं ते मी पुढे कुठेच होऊ दिलं नाही.”

हे खरं असावं. त्यांच्या हाताखाली काम केलेली माणसं तसंच सांगतात, आणि मी त्यांना घरात कुणावर हात उगारताना पाहिलेलं नाही. तुला हे वाचायला आवडणार नाही, पण न लिहिणं बरोबर होणार नाही. ताटलीतला आंबा मी खाल्ला. गोड होता. तेही लिहून ठेवते.

मी दिवसभर एकाच गोष्टीचा विचार केला. ते दुसऱ्यांपेक्षा चांगले असतील तर समितीने त्यांना सगळं ऐकून निवडावं. ते माझं काम नाही, त्यांचं आहे. त्यासाठीच ते घरी येतात. माझं काम एवढंच, की मला विचारलं तर चुकीचं वाक्य बोलू नये. कार्यालयात एखाद्या पाठात चूक दिसली तर आम्ही सगळा पाठ फाडत नाही. जे चुकलं तेवढं खोडतो, वर बरोबर शब्द लिहितो आणि बाजूला आपली सही करतो.

मला दिलेल्या वाक्यांतलं पहिलं बरोबर आहे, गालीहने रबर घातल्यापासून. तिसरं बरोबर आहे. चौथंही बरोबर आहे. दुसरं तेवढं बदलायचं आहे. ‘माझे वडील नदीत बुडाले’ याच्या जागी: ‘मी दुपारी भाताचा डबा घेऊन गेले तेव्हा माझे वडील चौकीत मेलेले होते आणि बापाक तिथे होते, नदीची गोष्ट नंतर ठरली.’ लांब झालं आहे, पण याहून छोटं करता येत नाही. मी प्रयत्न केला.

मग तिसरं वाक्य म्हणायचं, जसं आहे तसं. बापाकनी मला घरी आणलं आणि शिकवलं. ते मी गाळणार नाही.

कपड्यांची पेटी उद्या कार्यालयातल्या मैत्रिणीकडे ठेवते आहे. तिने कारण विचारलं नाही. इबूंची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. त्यांच्या तोंडून निघालेल्या गोष्टीनेच हे होणार आहे, आणि त्यांनी ती माझ्या कौतुकापोटी सांगितली होती. त्यांना काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही. बहुतेक मंगळवारी संध्याकाळपर्यंतही सुचणार नाही.

बी मुन नदीचा मासा करणार आहे. यूस्निआरबाईंसाठी, डोक्यासकट.

तू त्या दिवशी होडी काढू नकोस. आईजवळ बस. तिला सगळं माहीत आहे, तिला सांभाळायला नको. तिनेच तुला सांभाळायला लागेल, म्हणून बस. आणि पिंपामागे काही लपवत जाऊ नकोस. ती तिथेच आधी बघते.

मंगळवार, अठरा नोव्हेंबर. दुपारी, समिती चहा घेऊन बसली आणि त्यांनी माझं नाव विचारलं की मी हे म्हणेन.

तुझी बहीण,
मरहामा, इद्रूसची मुलगी